कॉलेज नापास झालं तर पैसे पोराचे का बंद? अमेरिकेतली एक भानगड, सोप्या भाषेत

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत तो भलामोठा बजेटचा कायदा पास झाला, त्यात टॅक्स आणि इतर शंभर गोष्टींच्या गर्दीत कॉलेजांबद्दलचं एक कलम आहे आणि ते १ जुलै २०२६ पासून लागू व्हायचं असं ठरलं. ढोबळ सांगायचं तर एखाद्या डिग्री कोर्सची पोरं शिकून बाहेर पडल्यावर काही वर्षांनीसुद्धा नुसत्या हायस्कूल पास माणसाइतकं कमवत नसतील, आणि तीन वर्षांपैकी दोन वर्षं असंच दिसलं, तर त्या कोर्सला सरकारी लोन बंद. ही बातमी वाचून ज्यांची पोरं तिकडेच वाढलीयेत अशा दोघातिघांनी मला विचारलं की अरे हे काय नवीन काढलंय, वाईट निघालं कॉलेज आणि पैसे बंद पोराचे, हा कुठला न्याय?

प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त भानगड नवीन नाही. कॅलिफोर्नियाने हेच राज्याच्या स्वतःच्या पैशाबाबत २०११ मध्येच करून बघितलंय, आणि ते केंद्राच्या कायद्यापेक्षा समजायला सोपं आहे म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

आधी पैसा कसा फिरतो ते बघू

तिकडे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदत दोन दारांनी येते, एक केंद्राचं दार आणि एक राज्याचं. केंद्राकडून गरीब घरातल्या पोरांना पेल ग्रँट मिळते, २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. ग्रँट म्हणजे परत करायची नसते. ती पुरत नाही म्हणून वर केंद्राचंच स्टुडंट लोन, ते अर्थातच व्याजासकट फेडायचं असतं. राज्यं आपापल्या स्कीम चालवतात आणि कॅलिफोर्नियाची स्कीम म्हणजे कॅल ग्रँट. तिचे ए, बी, सी असे प्रकार आहेत, ए मुख्यतः फीसाठी, बी जास्त गरीब पोरांसाठी म्हणजे फीसोबत राहण्याखाण्यालाही थोडा हात, आणि सी हाताला काम शिकवणाऱ्या कोर्सेससाठी.

आता यातली मेख. पैसा पोराच्या नावाने मंजूर होतो पण जातो कॉलेजकडे. समजा सरकारने गरजू पोरांना जेवणाची कूपनं वाटली, कुठल्या खानावळीत जायचं ते पोराने ठरवायचं, खानावळवाला कूपन घेणार आणि सरकारकडून त्याचे पैसे वसूल करणार. कल्पना चांगली आहे, पोराला निवड मिळते. पण पोराचं पोट भरलं का, पोळी कच्ची होती का, हे या सगळ्या व्यवहारात कुणीच विचारत नाही. आणि खानावळीत निदान पहिल्या घासाला कळतं हो, कॉलेजचं कळायला चार-पाच वर्षं जातात, तोपर्यंत कूपनं संपलेली असतात आणि वर डोक्यावर लोन.

मार्क पोराचे बघता, मग कॉलेजचे कोण बघणार?

कॅल ग्रँट मिळायला पोराला मार्क लागतात, ए प्रकारासाठी ४ पैकी किमान ३ चा जीपीए (म्हणजे सरासरी ग्रेड) आणि बी प्रकारासाठी २ चा. म्हणजे पोराची परीक्षा पहिल्यापासून होतीच, कॉलेजने मात्र फक्त नाव नोंदवायचं आणि चेक घ्यायचा.

२०११ मध्ये जेरी ब्राऊन पुन्हा गव्हर्नर झाले तेव्हा राज्याच्या बजेटला २५ अब्ज डॉलरहून मोठं भगदाड होतं आणि सगळीकडे कात्री चालू होती. तेव्हा कुणाला तरी सुचलं की सगळ्या पोरांची ग्रँट थोडीथोडी कापण्यापेक्षा जी कॉलेजं पैसे घेऊन काहीच देत नाहीत त्यांचाच नळ बंद करू. म्हणजे हा नियम काही निव्वळ शिक्षणाच्या कळवळ्यापोटी आलेला नाही, पैसे वाचवायचे होते हे उघड आहे, पण म्हणून नियम वाईट ठरत नाही.

दोन मीटर

कॉलेज मोजायला त्यांनी दोन मीटर लावले.

पहिला डिफॉल्ट रेट. सरकारी स्टुडंट लोनचा हप्ता साधारण २७० दिवस भरला नाही की लोन बुडीत धरतात, त्याला डिफॉल्ट म्हणायचं. मग हिशोब असा, एका कॉलेजची २०० पोरं एका वर्षी फेडीला लागली आणि तीन वर्षांच्या आत त्यातल्या ४० जणांनी डिफॉल्ट केला, तर त्या कॉलेजचा रेट २० टक्के. यामागचा विचार एवढाच की शिकून नोकरी लागली असती तर पोरांनी हप्ता भरला असता.

दुसरा ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे आत आलेल्यांपैकी किती जण डिग्री घेऊन बाहेर पडले. इथे ठरल्यापेक्षा दीडपट वेळ देतात, चार वर्षांच्या डिग्रीला सहा, दोन वर्षांच्या कोर्सला तीन.

२०११-१२ ला कॅलिफोर्नियाने फक्त डिफॉल्टची रेघ मारली, २४.६ टक्के. पुढच्याच वर्षी ती १५.५ टक्क्यांवर आणली आणि वर ग्रॅज्युएशन ३० टक्क्यांच्या वर हवं अशी अट घातली, ज्यांचा डिफॉल्ट १० टक्क्यांच्याही खाली त्यांना काही वर्षं ग्रॅज्युएशन २० टक्क्यांच्या वर असलं तरी चालेल अशी सूट. याच्यात नापास झालं कॉलेज की तिथे नवीन कॅल ग्रँट नाही. तुलनेसाठी केंद्राचा नियम बघा, सलग तीन वर्षं ३० टक्के किंवा एकाच वर्षात ४० टक्क्यांच्या वर गेलं तरच कारवाई. म्हणजे शंभरातल्या २९ पोरांची लोनं बुडाली तरी केंद्राच्या लेखी कॉलेज ठणठणीत.

आता ग्रॅज्युएशनचा ३० टक्के हा आकडा जरा नीट बघा. दहातली सात पोरं डिग्रीविना बाहेर पडली तर नापास. एवढी खाली आहे रेघ. आणि तरी ती ओलांडता न आलेली कॉलेजं निघाली, बहुतेक नफ्यासाठी चालणारी.

मग कम्युनिटी कॉलेजं कशी सुटली?

हा आक्षेप नफ्याची कॉलेजं चालवणाऱ्या कंपन्यांनी लगेच घेतला आणि त्यात तथ्य आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारी, स्वस्तातलं, दोन वर्षांचं कॉलेज जिथे कुणालाही प्रवेश मिळतो. यातल्या अनेकांचा ग्रॅज्युएशन रेट ३० च्या खाली होता, मग ती नापास का नाही?

कारण नियमातच खिडकी ठेवली होती, हे मीटर फक्त अशा कॉलेजांना लागू जिथे ४० टक्क्यांहून जास्त पोरं केंद्राचं लोन घेतात. कम्युनिटी कॉलेजची फी एवढी कमी की लोन घेणारेच थोडे, त्यामुळे ती परीक्षेलाच बसली नाहीत. पक्षपात? थोडासा आहे, नाही कशाला म्हणू. पण त्यामागे तर्कही आहे, कम्युनिटी कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराचं वर्ष वाया गेलं असेल, पण महागड्या खासगी कॉलेजातून अर्धवट बाहेर पडलेल्याच्या मागे वीस-तीस हजार डॉलरचं लोन लागतं. नुकसान दोघांचं, पण ते तराजूच्या एका पारड्यात बसणारं नाही.

"पण पोरगं स्वतः बघून कॉलेज निवडतंच की, सरकारने कशाला नाक खुपसायचं?"

बाजाराच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा नेहमी काढतात. गिऱ्हाईक शहाणं असतं, वाईट दुकान आपोआप बंद पडतं वगैरे. अहो पण आपण भाजी रोज घेतो, सडकी निघाली तर उद्या दुसरीकडे जातो, डिग्री माणूस आयुष्यात एकदा घेतो. आणि ज्याच्या घरात आधी कुणीच कॉलेजला गेलं नाही ते पोरगं माहिती कुठून काढतं? जाहिरातीतून, आणि फोन करकरून भंडावून सोडणाऱ्या ॲडमिशनवाल्याकडून.

सिनेटर टॉम हार्किन यांच्या कमिटीने २०१२ मध्ये नफ्याच्या ३० कॉलेज कंपन्यांचे हिशोब बाहेर काढले होते. २००९ च्या कमाईतले २२.७ टक्के जाहिरात, मार्केटिंग आणि पोरं गोळा करण्यावर गेले होते, आणि शिकवण्यावर १७.२ टक्के. शिकवण्यावर कमी! २०१० मध्ये या कंपन्यांकडे पोरं भरती करणारी माणसं ३२ हजारांवर आणि नोकरी शोधायला मदत करणारी साडेतीन हजार. हे कळल्यावर "गिऱ्हाईक शहाणं" वगैरे म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

अजून एक गंमत आहे जी फारशी कुणी सांगत नाही. केंद्राचा असा नियम आहे की नफ्याच्या कॉलेजने आपल्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त पैसा केंद्राच्या मदतीतून घ्यायचा नाही, किमान १० टक्के बाहेरून आणून दाखवायचे, म्हणजे निदान कुणीतरी स्वखुशीने पैसे मोजतंय हे दिसावं. आणि राज्याची ग्रँट या १० टक्क्यांच्या खात्यात धरली जाते! म्हणजे कॅल ग्रँटचा डॉलर त्या कॉलेजला नुसता डॉलर नव्हता, तो दाखवून केंद्राचे नऊ घेता येत होते. राज्याने नळ बंद करायला एवढं कारणसुद्धा पुरेसं होतं असं माझं मत.

"लोन पोराने बुडवलं, त्यात कॉलेजचा काय दोष?"

हा खरा जड आक्षेप आहे आणि याला झटकन उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जे हॉस्पिटल शेवटच्या स्टेजचे पेशंट घेतं तिथे माणसं जास्त दगावणारच, म्हणून तिथले डॉक्टर वाईट ठरत नाहीत. तसंच, जे कॉलेज दोन पोरांच्या आईला, दिवसा नोकरी करणाऱ्याला, शाळेत कच्चं राहिलेल्याला दार उघडतं तिथे पोरं मधेच सोडणारही जास्त आणि हप्ते चुकवणारही जास्त. उलट श्रीमंत घरातली हुशार पोरं वेचून घेणाऱ्या कॉलेजचा निकाल त्यांनी काही नाही शिकवलं तरी चांगलाच लागेल. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या पोरांना फॉर्मच न भरू देणारी शाळा आपल्याला काही नवीन नाही.

म्हणून कॉलेज मोजताना खरा प्रश्न हा की तशाच पोरांना घेणारी दुसरी कॉलेजं काय करतायत. दोन कॉलेजं, दोन्हीकडे गरीब पोरं, एकाचा डिफॉल्ट १२ आणि दुसऱ्याचा २७, तर मग गरिबीचं कारण पुढे करता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमात अशी बारीक तुलना नाहीये, हा त्यातला दोष मानावाच लागेल. त्यातल्या त्यात बरं एवढंच की रेघ इतकी खाली आहे की प्रामाणिकपणे धडपडणारं कॉलेज सहसा तिच्याखाली जात नाही. पण सहसा म्हणजे कधीच नाही असं नव्हे, आणि अशा वेळी चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ शकते.

मीटरशी खेळता येतं का? अर्थातच येतं

डिफॉल्ट रेट फक्त पहिली तीन वर्षं बघतो. मग कॉलेजने काय करावं? पोराला फोन करायचा आणि सांगायचं की हप्ता झेपत नाहीये ना, मग फॉरबेअरन्स घे. फॉरबेअरन्स म्हणजे हप्ते काही काळ थांबवायची परवानगी, व्याज मात्र चालूच राहतं. तीन वर्षं अशी ढकलली की पोरगं डिफॉल्टमध्ये दिसत नाही, कॉलेजचा रेट झकास, आणि चौथ्या वर्षी ते बुडालं तर मोजायला कुणी नाही.

ही माझ्या मनातली शंका नाही. सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या जीएओ नावाच्या संस्थेने एप्रिल २०१८ मध्ये यावर रिपोर्ट दिला. कॉलेजं यासाठी चक्क कन्सल्टंट नेमतात, आणि त्यांनी तपासलेल्या नऊपैकी पाच कन्सल्टंट पोरांना फॉरबेअरन्सकडेच ढकलत होते, जरी कमाईच्या हिशोबाने हप्ता ठरवायचा पर्याय पोरासाठी जास्त फायद्याचा असला तरी. त्यांनी हिशोबही मांडलाय, ३०,००० डॉलरचं लोन तीनही वर्षं असं थांबवून ठेवलं तर पोराला ६,७४२ डॉलर व्याज जादा पडतं. म्हणजे कॉलेजचं मार्कशीट सुधारायचं बिल परत पोराच्याच नावावर. जळजळ होते वाचून.

आणि मग कोविड आला. मार्च २०२० ला सगळ्यांचे हप्ते थांबवले गेले ते २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. हप्ताच नाही तर डिफॉल्ट कुठला? देशाचा डिफॉल्ट रेट २०१७ च्या बॅचला ९.७ टक्के होता तो २०२० च्या बॅचला शून्य झाला. सगळी कॉलेजं एकदम आदर्श! थर्मामीटर बर्फात बुडवून पेशंटला ताप नाही म्हणण्यातला प्रकार.

ग्रॅज्युएशन रेटचीही तऱ्हा न्यारी. तो फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या फुलटाईम पोरांना मोजतो. बराक ओबामा १९७९ ला लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात गेले, दोन वर्षांनी बदली घेऊन न्यूयॉर्कला कोलंबियात गेले आणि तिथून डिग्री घेतली. या मीटरच्या हिशोबाने ते ऑक्सिडेंटलच्या खात्यात डिग्री न घेतलेले, आणि कोलंबियाच्या खात्यात मोजणीतच नाहीत, कारण तिथे ते पहिल्यांदा आलेले नव्हते. माणूस राष्ट्राध्यक्ष झाला पण आकड्यात गळालेलाच.

उंबरठा आणि शिडी

इथे एक फरक करायला हवा कारण बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

कॅलिफोर्नियाने केला तो उंबरठा. एवढं किमान ओलांडा, पुढे तुम्ही किती चांगले याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. दुसरा प्रकार शिडीचा, जितकं वर चढाल तितका जास्त पैसा. शिडीची सुरुवात टेनेसीने १९७९ मध्येच केली, आधी थोडासा बोनस आणि २०१० च्या कायद्यानंतर सरकारी कॉलेजांना राज्याकडून चालवायला मिळणारा जवळजवळ सगळाच पैसा निकालावर. हा पैसा पोराच्या नावाने येत नाही, थेट कॉलेजला जातो, पण तत्त्व तेच.

शिडीचे निकाल फारसे उत्साहाचे नाहीत. निकोलस हिलमन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन राज्यातली कम्युनिटी कॉलेजं बघितली तर तिथे दोन वर्षांच्या डिग्र्या काही वाढल्या नाहीत, वाढली ती छोट्या मुदतीची सर्टिफिकिटं, कारण ती पटकन देता येतात आणि मोजणीत धरली जातात. इंडियानात अभ्यास झाला त्यात दिसलं की ग्रॅज्युएट वाढले नाहीत पण कॉलेजं प्रवेश मात्र आणखी गाळून द्यायला लागली. टेनेसीवाले त्या मानाने शहाणे, त्यांनी गरीब किंवा वयाने मोठा विद्यार्थी पुढे सरकला तर त्याला ४० टक्के जास्त वजन दिलं, म्हणजे अशा पोरांना टाळण्यात कॉलेजचा तोटा होईल.

ओबामांनीही ऑगस्ट २०१३ मध्ये बफेलोच्या भाषणात देशातल्या सगळ्या कॉलेजांना रेटिंग देऊन केंद्राची मदत त्याला जोडायची घोषणा केली होती, एवढा विरोध झाला की शेवटी रेटिंग गेलं आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कॉलेज स्कोअरकार्ड नावाची नुसती माहितीची वेबसाईट नव्या रूपात आली. माझ्या मते झालं ते बरंच झालं. हजारो वेगवेगळ्या कॉलेजांना एका शिडीवर चढवायला गेलं की सगळे आपली पोरं बदलतात, शिकवणं कुणी बदलत नाही. उंबरठ्याचं काम त्यापेक्षा साधं, अगदी सडकी फळं टोपलीतून काढायची. २०२५ च्या कायद्यातलं कमाईचं कलमही उंबरठाच आहे, म्हणून त्याला ऐकताक्षणी मोडीत काढू नये असं मला वाटतं.

बरं, मग त्या पोराचं काय?

आता मूळ प्रश्न, वड्याचं तेल वांग्यावर का.

कागदावर उत्तर सोपं आहे, ग्रँट पोराची आहे, ते ती घेऊन दुसऱ्या पात्र कॉलेजात जाऊ शकतं. नवीन ॲडमिशन घेणाऱ्यासाठी हे बऱ्यापैकी खरंही आहे. पण अर्ध्या कोर्सवर असलेल्याला दुसरं कॉलेज आधीचे क्रेडिट, म्हणजे आधी पुरे केलेले विषय, मान्य करेलच असं नाही, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी जाणाऱ्याला जवळपास दुसरं काही असायला तर हवं. म्हणून असा कुठलाही नियम वाचताना तीन गोष्टी बघाव्यात, आत असलेल्या पोरांना कोर्स पुरा करेपर्यंत संरक्षण आहे का, नापासाचा इशारा आधी मिळतो का, आणि कॉलेजच्या स्वतःच्या खिशाला काही झळ बसते का. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या स्वरूपात असतात.

तिसरी जवळजवळ कधीच नसते. २०२५ च्या कायद्याच्या हाऊसमधल्या, म्हणजे तिकडच्या संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, मसुद्यात ती होती, बुडीत लोनातला थोडा वाटा कॉलेजने भरायचा असं कलम होतं, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ते काढून टाकलं गेलं आणि त्याजागी कमाईचं कलम आलं. म्हणजे पुढचा पैसा बंद होईल, पण आधी घेतलेला कॉलेजकडेच राहणार.

हे किती महाग पडतं ते बघायचं तर कॅलिफोर्नियातल्याच सँटा ॲना गावची कोरिन्थियन कॉलेजेस नावाची कंपनी बघा. राज्याच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी २०१३ मध्ये तिच्यावर केस टाकली, नोकऱ्या लागल्याचे खोटे आकडे दाखवते म्हणून. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने उरलेले २८ कॅम्पस एकदम बंद केले, सुमारे १६,००० पोरं आदल्या दिवशी विद्यार्थी होती आणि दुसऱ्या दिवशी नव्हती, आणि आठवड्याभरात कंपनीने दिवाळं जाहीर केलं. २०१६ मध्ये कोर्टाने १.१ अब्ज डॉलर भरायचा निकाल दिला, पण वसूल करायला समोर होतं कोण? २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने तिथे शिकलेल्या ५ लाख ६० हजार लोकांची ५.८ अब्ज डॉलरची लोनं माफ केली, आणि ते पैसे गेले टॅक्स भरणाऱ्यांच्या खिशातून.